अर्ध्या गावासह एकटी

"मी रोज पहाटे एकटी जंगलात जाते. भीती म्हणजे काय, हे मला ठाऊक नाही!"

हे वाक्य दिव्यानी रामटेकेनं झोकदार इंग्रजीत लिहिलं, तेव्हा तिचे दोन्ही पाय खुर्चीवर होते. कारण वसतिगृहातल्या तिच्या खोलीत पाल शिरली होती. पाल भिंतीवर, दिव्यानी खुर्चीवर आणि अर्ज फिनलंडच्या वाटेवर! पाल जागची हलेना, म्हणून दिव्यानीही हलेना, आणि बसल्या बसल्या अर्ज असा काही रंगत गेला की वाचणाऱ्याला वाटावं, ही पोरगी वाघाच्या मिशा विंचरूनच वर्गात येत असेल.

खरं सांगायचं तर भीती म्हणजे काय, हे अख्ख्या मुलचेरा तालुक्यात दिव्यानीइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. कोंबडी फडफडत अंगावर आली तरी ती ओट्यावर चढायची. पंखा करकरला की अंथरूण ओढून भिंतीला लावायची. बेहाडटोला हे तिचं गाव तिन्ही बाजूंनी जंगलानं वेढलेलं, पण जंगलाशी तिची खरी ओळख झाली ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या पडद्यावर. वनशास्त्राच्या एम.एस्सी.साठी तिनं उपग्रहाच्या चित्रांवरून जंगल मोजायचं काम मुद्दाम मागून घेतलं होतं. आकाशातून बघितलं की जंगल कसं हिरवं, गप्प आणि निमूट दिसतं! त्यातून काही गुरगुरत बाहेर येत नाही.

आता हा अर्ज कशासाठी, तर विद्यापीठानं एक शिष्यवृत्ती काढली होती. परदेशातल्या एखाद्या संस्थेत तीन महिने प्रत्यक्ष काम करायचं; विमान, राहणं, जेवण, सगळा भार विद्यापीठाचा. जागा एकच. दिव्यानीनं फिनलंडमधलं, अस्वलांचा अभ्यास करणारं एक केंद्र निवडलं. मार्क तिचे होतेच, वर हे वाक्य! शिष्यवृत्ती तिच्या नावावर झाली आणि तोच अर्ज केंद्राकडं गेला. अट एवढीच की महिना संपायच्या आत त्या केंद्राचं 'आम्ही हिला घेतो' असं पत्र यायला हवं. नाही आलं, तर शिष्यवृत्ती दुसऱ्या नंबरवरच्या अहेरीच्या कुलदीपला. हा कुलदीप एक दिवसाआड फोन करायचा.

"दीदी, पत्र आलं काय? नाई, आपलं सहज इचारून राह्यलो."

त्याचं ते 'सहज' ऐकलं की दिव्यानी लगेच मेल उघडून बघायची.

तिला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं! लहानपणापासून 'भित्री भागूबाई' ऐकत आलेल्या पोरीला वाटत होतं, एवढं एक जमलं तर आपण भित्र्या नाही असं निदान आरशात बघून तरी म्हणता येईल. आणि तिचे वडील हरिदास? ते धानाचे शेतकरी, मोजकं बोलणारे. पण लेकीचं नाव निघालं की त्यांना थांबवायला माणूस लागायचा. मुलचेऱ्याच्या बाजारात त्यांनी बंगाली मासेवाल्यापासून चपला शिवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "पोरगी फिनलंडले चालली!" फिनलंड कुठं आहे ते बाजारात कोणालाच माहीत नव्हतं, तरी सगळ्यांना आनंद झाला होता.

एप्रिलच्या सुट्टीत दिव्यानी घरी आली आणि केंद्राच्या प्रमुख आइनो मॅडमचा मेल आला.

"गुरुवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर भेटू. जमलं तर तुझ्या जंगलातूनच बोल. तू रोज एकटी हिंडतेस ते शांत जंगल बघायला आम्हा सगळ्यांना फार आवडेल."

तुम्ही-आम्ही हा मेल वाचला असता तर म्हणालो असतो, वा, बाई हौशी दिसते. पण दिव्यानीच्या घशात ते खोटं वाक्य माशाच्या काट्यासारखं अडकलेलं! तिनं मेल पुन्हा पुन्हा वाचला. संशय आलाय त्यांना! परीक्षा आहे ही! 'रोज एकटी' असं मुद्दाम लिहिलंय! आता जंगलात दिसले नाही की पत्र बंद, शिष्यवृत्ती कुलदीपकडे, आणि बाबा बाजारात मासेवाल्याला काय तोंड दाखवणार?

रात्रभर तळमळून सकाळी तिला एक योजना सुचली, आणि सुचल्याबरोबर ती स्वतःवरच खूश झाली. गावात फोनला टॉवर मिळतो तो फक्त मामा तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, आणि फार तर पलीकडच्या सागाच्या पहिल्या रांगेपर्यंत. पाळीच्या अलीकडे गाव, पलीकडे जंगल. पाळ उतरायची, सागाच्या पहिल्या रांगेत उभं राहायचं, फोन असा धरायचा की मागं झाडंच दिसावीत, गोड गोड बोलायचं आणि धूम परत यायचं!

"फोनच्या काचेत चार साग दिसले की झालं जंगल," ती आईला म्हणाली. "त्यायले का समजते, मांगं बेहाडटोला आहे का ब्राझील!"

चूक झाली ती इथंच. आईला सांगितलं.

आई, म्हणजे वच्छलाबाई, हंडा घेऊन हातपंपावर गेल्या आणि शेजारच्या ठमाबाईला म्हणाल्या, "आयकलं का वो बाई, त्या फिनलंडवाल्या बाईनं आमच्या पोरीले एकटीले जंगलात बलावलं! तिले लेकरंबाळं हायेत का नाई, कोन जाने!"

ठमाबाईचं वय सत्तरीच्या पुढं, पण आवाज विशीतला. हंडा भरायच्या आत बातमी गावभर झाली, आणि घराच्या दारात पत्रूभाऊ हजर.

पत्रूभाऊ म्हणजे गावच्या वाघ-पथकाचे प्रमुख. पथकासाठी मिळालेली शिट्टी ते आंघोळीच्या वेळीही गळ्यातून काढत नसत. मागच्याच आठवड्यात सुकलूची कालवड वाघानं गोठ्यामागून ओढून नेली होती. तेव्हापासून त्या शिट्टीला उसंत नव्हती.

"पोरी, मी जित्ता असताना या गावातून एकटं मानूस जंगलात जाईन? अवो, परसाकडले जाचं असन तरी आमी चौघं जातो!"

"भाऊ, पन त्यायले एकटीच पायजे. मीच लिवलं हाय तसं."

"काऊन लिवलं?"

दिव्यानी पाणी आणायला आत पळाली.

या भागात जंगलात शिरायची एक रीत आहे. घोळक्यानं जायचं आणि मोठमोठ्यानं बोलत जायचं. घरातलं एखादं भांडण राहिलं असेल तर ते तिथंच उरकून घ्यायचं, म्हणजे आवाज चांगला लागतो. मोहफुलं वेचायला निघालेल्या बायका वाटेनं सासूचा उद्धार करत जातात, तो केवळ सुरक्षेसाठी! वाघाला गलका सोसत नाही, तो आपला दूर जाऊन बसतो. आणि इथं तर एकटं जायचं, वर गप्प जायचं. पत्रूभाऊंच्या मते हे वाघाला ताट वाढून 'या' म्हणण्यासारखं होतं.

"मंग नोको जाऊ," वच्छलाबाई म्हणाल्या. "इथीच राह्य. कुलदीप जाईन फिनलंडले."

हे ऐकून दिव्यानीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाणी हरिदासनं पाहिलं. ते इतका वेळ कोपऱ्यात बसून विळ्याला धार लावत होते.

"असं करू," ते म्हणाले, "आमी मांगून येतो. लपून. चूपचाप. त्या बाईले दिसाचं नाई, आयकू याचं नाई. पोरगी एकटीची एकटी, अन् आपल्या जिवाले घोर नाई."

"कितीक जन?" दिव्यानीनं भीत भीत विचारलं.

"बस, दोघं-तिघं."

गुरुवारी दुपारी पाळीवर दोघं-तिघं जमले. म्हणजे अर्धं गाव! बेहाडटोल्यात माणसं मोजायची हीच पद्धत आहे. सुकलू आला होता, कारण कालवडीपासून त्याला घरी करमत नव्हतं. पोरं कुऱ्हाडी घेऊन आली होती. बायकांनी डबे आणि थाळ्या आणल्या होत्या, ऐन वेळी बडवायला. आवाज होऊ नये म्हणून त्यांना फडकी गुंडाळली होती. ठमाबाई काठी टेकत आली होती.

"तुमी कायले आल्या वो बाई?" हरिदासनं विचारलं.

"सारं गाव इकडं. मले घरी एकटीले भेव लागते!"

"चूप राहाचं बरं का सगळ्यायनं," पत्रूभाऊ म्हणाले. "खोकलाचं नाई, शिंकाचं नाई. वाघ दिसला तरी मी सांगल्याशिवाय कोनी भ्याचं नाई!"

दिव्यानीनं खाकी शर्ट घातला होता आणि आतून घामानं ती चिंब झाली होती. फोन वाजला. काचेत आइनो मॅडम उमटल्या. पांढरे केस, गुलाबी गाल, हातात कॉफीचा मग, मागं आणखी दोघं-तिघं; पण ते खरोखरचे दोघं-तिघं. खिडकीबाहेर बर्फ.

"ओहो, केवढं ऊन!" मॅडम म्हणाल्या. "तू आता जंगलात आहेस?"

"हो मॅडम. एकदम आत!" पाळीवरून एक पाय खाली टाकत दिव्यानी म्हणाली.

ती सागाच्या पहिल्या रांगेत शिरली. एप्रिलमधला साग म्हणजे वर उघडी झाडं आणि खाली वाळक्या पानांचा खच. एका माणसाचा पाय पडला तर 'चर्र' होतं. अर्ध्या गावाचे पाय पडले, तेव्हा पापडाच्या पोत्यावरून बैलगाडी गेल्यासारखा आवाज झाला.

"हा आवाज कसला?" आइनो मॅडमनी कान टवकारले.

"वारा, मॅडम."

"पण झाडं तर हलत नाहीयेत."

"आमच्याकडं वारा..." दिव्यानीनं पायाखालच्या पानांकडं पाहिलं, "खालून वाहतो."

मॅडमनी मागच्या माणसाकडं पाहिलं. त्यानं मान डोलावून ते लिहून घेतलं!

"जरा आणखी आत जाशील? ते मोठं झाड दिसतंय ना, तिथपर्यंत?"

दिव्यानीच्या पायांनी नकार दिला. पण डोळ्यांसमोर कुलदीप विमानात बसलेला दिसला, खिडकीची सीट, सहज! ती चालू लागली. छाती अशी धडधडत होती की तेही त्यांना ऐकू जाईल, याची आणखी एक भीती. मागं चर्र चर्र चर्र. आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"खॉक्!"

ठमाबाई.

"हे काय होतं?" मॅडम खुर्चीतून पुढं झाल्या.

"भे... भेकर, मॅडम! हरणासारखं असतं. धोका दिसला की भुंकतं."

"खॉक्! खॉक् खॉक्!"

"दोन आहेत?"

"नाही, एकच. म्हातारं आहे."

फिनलंडात आनंदीआनंद झाला. मागची माणसं पुढं आली, कॉफीचे मग बाजूला ठेवले गेले, कोणीतरी आवाज रेकॉर्ड करू लागलं. दिव्यानीनं पाठीमागं हात करून 'चूप' अशी खूण केली. ठमाबाईनं पदर तोंडात कोंबला. हरिदासनं तिच्या पाठीवर थोपटलं, तर धप्प असा आवाज झाला. तो दिव्यानीनं कसाबसा झाडावरून पडलेल्या पिकल्या फळावर ढकलला.

"पण धोका दिसला की भुंकतं म्हणालीस," आइनो मॅडमना एकदम आठवलं. "मग आता धोका कसला आहे तिथं?"

हा प्रश्न दिव्यानीला सुचलाच नव्हता! ती जागच्या जागी थिजली. आणि नेमकं त्याच वेळी समोरच्या करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं. मोठं. जड. पानं चुरडत ते इकडंच येत होतं. जाळीच्या फटीतून पिवळसर तांबडं अंग दिसलं.

दिव्यानीनं ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. तो निघाला पत्रूभाऊंच्या शिट्टीतून.

"फुर्रर्रर्र!"

मग काय विचारता! इतका वेळ दाबून धरलेलं अर्धं गाव फुटलं. फडकी उडाली, डबे वाजले, थाळ्या वाजल्या. "हाऽऽ! हाऽऽ! हाकला रे, हाकला!" असा कल्ला झाला आणि कल्ला करणारी सगळी माणसं त्याच दमात पाळीच्या दिशेनं पळत सुटली. सर्वांत पुढं वाघ-पथकाचे प्रमुख! त्यांच्याही पुढं एक खाकी शर्ट पळताना दिसला. तो दिव्यानीचा.

ती पाळीवर कशी आली, ते तिला कळलं नाही. पाळीवरच्या मोहाच्या झाडावर कशी चढली, तेही कळलं नाही. भान आलं तेव्हा ती एका फांदीला मिठी मारून बसली होती, आणि डोक्यावरच्या फांदीवर कोणीतरी धापा टाकत होतं. वर पाहिलं तर ठमाबाई!

"बाई! तुमी कशा चढल्या?"

"मले का मालूम, बापा! तू कशी चढली?"

"मले बी नाई मालूम."

खाली हरिदास माणसं मोजत होते. सगळी होती. कोणाच्या चपला गेल्या, कोणाची थाळी गेली, पत्रूभाऊंचा आवाज गेला होता. पण जीव सगळ्यांचे जागेवर होते. वच्छलाबाई झाडाखाली उभ्या राहून लेकीच्या पायाला हात लावून बघत होत्या, पाय शाबूत आहे ना म्हणून.

आणि तेव्हा जंगलातून एक बारीकसा आवाज आला.

"दिव्यानी? हॅलो? दिव्यानी?"

दिव्यानीनं आपल्या हाताकडं पाहिलं. हात रिकामा.

"बाई अजून बोलूनच राह्यली," सुकलू कुजबुजला.

एरवी सागाची पहिली रांग ओलांडली की गायब होणारा टॉवर आज काही सुटत नव्हता! फोन तिथं करवंदीच्या जाळीपाशी आभाळाकडं तोंड करून पडला होता, आणि त्यातून फिनलंड हाका मारत होतं.

"जाऊ दे थो फोन," पत्रूभाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी तुले माह्या पोराचा जुना देतो."

फोनचं काय हो, फोन दुसरा मिळतो. पण कॉल? आत्ताचा हा कॉल असाच बंद पडला, तर उरलं काय? आरडाओरडा, पळापळ आणि वर आभाळ. असं बघून कोण पत्र देईल? गेलं. फिनलंड गेलं, तीन महिने गेले, सगळं गेलं. फांदीवर बसून दिव्यानी रडू लागली.

मग तिला दिसलं की बाबा चपला काढतायत. पानं वाजू नयेत म्हणून. चपला त्यांनी झाडाच्या बुंध्याशी नीट जोडीनं ठेवल्या, हातात काठी घेतली आणि कोणाला काही न सांगता पाळ उतरू लागले. काठीचं टोक लटलट हलत होतं, ते तिला वरून स्पष्ट दिसलं.

आपल्या एका खोट्या वाक्यापायी बाबा वाघाच्या तोंडी चाललेत! ही भीती आजवरच्या सगळ्या भीतींहून मोठी निघाली. ती झाडावरून जवळजवळ पडलीच.

"बाबा! तुमी पाळ सोडली तं मी फिनलंडले जात नाई! मायची आन!"

हरिदास दचकून थांबले. तेवढ्यात ती त्यांच्या बाजूनं निघूनही गेली.

वाट तीच होती, पण आता मागं चर्र चर्र नव्हतं. अर्धं गाव पाळीवर श्वास रोखून उभं. जंगलात दिव्यानी एकटी, खरोखरची एकटी आणि खरोखरची गप्प. पायाखालचं एकेक पान बॉम्बसारखं वाजत होतं. परत फिरावं असं तिला प्रत्येक पावलाला वाटलं. 'बुद्धं सरणं' म्हणायला घेतलं तर शब्द मागंपुढं होऊ लागले. तरी ती गेली. घाबरून रडत, नाक पुसत, पण गेली.

करवंदीच्या जाळीपाशी मोठं, पिवळसर तांबडं काहीतरी मान खाली घालून उभं होतं. दिव्यानीचे डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी तिनं ऐकलं. खडखड. लाकडाची खडखड.

वाघाच्या गळ्यात लोढणं नसतं!

तिनं एक डोळा उघडला. सुकलूची गाय! अर्धं गाव जंगलाकडं निघालं म्हणजे नक्की कुठंतरी चारा असणार, असं समजून ती आडवाटेनं त्यांच्यापुढं आली होती. आणि आता ती अगदी मन लावून फोन चाटत होती.

दिव्यानीनं गायीला ढकललं आणि फोन उचलला. काचेवरची लाळ शर्टाला पुसली. पलीकडं फिनलंडचं अख्खं केंद्र काचेला नाक लावून बसलेलं.

"अद्भुत!" आइनो मॅडम ओरडल्या. "हा जंगली गवा होता ना? इतक्या जवळून आम्ही कधीच पाहिला नव्हता!"

'हो' म्हणणं किती सोपं होतं! एका 'हो'त सगळं सावरलं असतं. पण भ्यायलाही अंगात त्राण लागतं, आणि खोटं बोलायला त्याहून जास्त. दिव्यानीत दोन्ही उरलं नव्हतं.

"नाही मॅडम. ही सुकलूभाऊची गाय आहे."

आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं. मी कधीच एकटी जंगलात गेलेले नाही. मला सगळ्याची भीती वाटते. तो वारा नव्हता, ते माझं गाव होतं. ते भेकर नव्हतं, त्या ठमाबाई आहेत, त्यांना दमा आहे. मघाशी मी पळाले, सर्वांत पुढं मीच होते. अर्जात लिहिलं ते खोटं आहे.

मॅडम शेजारच्या माणसाशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. दिव्यानीनं मनातल्या मनात कुलदीपला फोन लावला.

"पण दिव्यानी," मॅडम म्हणाल्या, "पत्र तर आम्ही सोमवारीच तुझ्या विद्यापीठाला पाठवलं."

"सोमवारी?"

"हो. उपग्रहाच्या चित्रांवरचं तुझं काम आम्हाला फार आवडलं म्हणून. विद्यापीठानं कळवलं नाही?"

मंगळवारपासून पाळीवर गेलं की विद्यापीठातून फोन येत होता. नकारच असणार, या भीतीनं दिव्यानीनं तो उचलला नव्हता!

"मग... आजचा हा कॉल?"

"आजचा सहजच! इथं एप्रिल आला तरी बर्फ हटत नाही. म्हटलं, कॉफी पिता पिता जरा ऊन बघू, झाडं बघू."

सहज! त्या शब्दानं दिव्यानी मटकन खाली बसली. गाय तिची वेणी हुंगू लागली.

"आणि ते एकटीनं हिंडण्याचं वाक्य," मॅडम हसत म्हणाल्या, "खरं सांगू? ते वाचून आम्हालाच काळजी वाटली होती. आमच्याकडं विद्यार्थ्यांना जंगलात पाऊल टाकू देत नाहीत. विम्यात बसत नाही. तुला तीन महिने तळघरातल्या खोलीत संगणकासमोर बसून अस्वलांचे फोटो वेगळे करायचे आहेत. उन्हाळाभर बाहेर पडायचीही फारशी गरज नाही."

दिव्यानी आयुष्यात पहिल्यांदा एकटी जंगलात गेली, आणि ते पाहायला फक्त एक गाय होती. तिनं मॅडमचे आभार मानले, फोन खिशात टाकला आणि गायीचं लोढणं धरून ती परत निघाली. जाताना मात्र मोठमोठ्यानं बोलत. गायीशी तर गायीशी!

पाळीवर तिला बघून आधी रडारड झाली. वच्छलाबाईंनी तिला पोटाशी धरलं, मग पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा पोटाशी धरलं. हरिदास नुसते चपला शोधत राहिले, आणि त्या तर समोरच होत्या.

"काय म्हने ते बाई?" पत्रूभाऊंनी विचारलं.

"घेतलं मले! पत्र सोमवारीच धाडलं म्हनते!"

डबे वाजले, थाळ्या वाजल्या, शिट्टी वाजली. सुकलूनं गायीच्या कपाळाला कपाळ लावलं. कल्ला थोडा ओसरल्यावर पत्रूभाऊ जबाबदारीनं पुढं झाले.

"आता तिथच्या अस्वलाचं कसं? तुह्यासंगं मांगून कोन जाईन?"

"भाऊ, तिथी जंगलात जाऊच देत नाई. खोलीत बसून फोटो पाहाचे हायेत."

पत्रूभाऊंनी शिट्टी तोंडातून काढली.

"अन् आजचं हे?"

"ते... त्यायले सहज ऊन पाहाचं होतं."

अर्धं गाव दिव्यानीकडं बघत राहिलं. कोणाच्या पायात काटे होते, कोणाच्या पायात चपला नव्हत्या, कोणाचं धोतर करवंदीवर राहिलं होतं. शेवटी आवाज आला तो वरून, मोहाच्या शेंड्याकडून, खोकल्याच्या उबळीतून.

"तुमचं ऊन पाहून झालं असन, तं मले कोनी खाली उतरवता का, का मी बी इथूनच फिनलंडले जाऊ?"